पंपघराचं टचपॅनेल: घोस्ट टचचं मूळ सापडलं

तीन आठवडे छळणाऱ्या घोस्ट टचचं, म्हणजे बोट नसलेल्या जागीही पॅनेलला भासणाऱ्या स्पर्शाचं, मूळ काल रात्री सापडलं. मुळं दोन निघाली, म्हणूनच एक उपटलं तरी त्रास सुरूच राहायचा.

मांडणी अशी: गोव्यात सावईवेऱ्यातलं आमचं कुळागर (पोफळीची बाग), विहिरीवरचा पंप, तो चालवणारा ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर, ७ इंची डिस्प्ले आणि त्यावर जीटी९११ या चिपचा कपॅसिटिव्ह टच, म्हणजे बोटाचा विद्युत परिणाम ओळखणारा. आधी काँटॅक्टर (पंपाचा विजेवर चालणारा स्विच) सुटताना आयटूसी, म्हणजे टच चिप आणि ईएसपी३२मधली संदेशाची तार, अडकायची; ते कॉइलवर विजेचा झटका शोषणारा स्नबर (१०० ओहम, ०.१ मायक्रोफॅरड) लावल्यापासून एकदाही झालं नाही. त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. पण पाऊस लागला आणि पॅनेल बिथरलं. बाबांनी ‘टाकी भरा’ दाबलं की खालचं ‘बंद’ही लागायचं.

आधी संशय दमट हवेवर गेला. जीटी९११ची टच लेव्हल, म्हणजे किती जोराचा संकेत स्पर्श मानायचा ती मर्यादा, वाढवली. (चेकसम, म्हणजे आकड्यांची पडताळणी-बेरीज, नव्याने काढून लिहिला नाही तर ही चिप नवी सेटिंग घेतच नाही, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.) घोस्ट कमी झाले, पण बाबांचं बोटही ओळखेना. पोफळीवर चढून चढून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेत. ज्याच्यासाठी हे करतोय त्याचाच स्पर्श लागत नसेल तर उपयोग काय? लेव्हल परत खाली आणली.

मग प्रत्येक टचची जागा सांगणारे एक्स-वाय आकडे सिरियल केबलने कॉम्प्युटरवर काढले आणि आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका मांडला. खरं बोट एक्स ४१२ला. घोस्ट वर-खाली कुठेही, पण सगळे ४०५ ते ४२०च्या पट्ट्यात! बोट उचललं की सगळं शांत. पाणी असं सरळ रेषेत कधी बसत नाही.

काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेघा असतात: आमच्या पॅनेलवर आडव्यांतून स्पंद सोडायचा, उभ्यांवर ऐकायचा. बोट आलं की तिथला थोडा विद्युतभार अंगातून निघून जातो आणि वाचन घटतं, तेही एका पिकोफॅरडपेक्षा कमी. माझा दोन पिनांचा स्वस्त ॲडॅप्टर अख्खं सर्किट जमिनीच्या तुलनेत हलवत होता. कुणी हात लावत नाही तोवर सगळं एकत्रच हलतं, म्हणून काही कळत नाही. बोट टेकलं की तो गोंगाट बोटावाटे नेमका त्याच उभ्या रेघेत शिरतो. पॉवर बँकेवर २०० वेळा दाबून पाहिलं, एकही घोस्ट नाही.

तीन पिनांचा चांगला सप्लाय आणला, आउटपुटचा मायनस अर्थला जोडला. तरी काहीच फरक नाही! शेवटी सॉकेट उघडलं, तर अर्थची वायर बॉक्समध्येच संपलेली. जुन्या घरांत हे आधी तपासा, मीटर लावून तपासा. पंपाच्या अर्थिंगपासून वायरमनकडून नवी वायर ओढून घेतली आणि ती उभी रांग नाहीशी झाली. ॲडॅप्टरवर ५० रुपये वाचवू नका, हे आता मी ठामपणे सांगतो.

उरलं पाणी. काचेवर सुटा थेंब असेल तर वाचन बोटाच्या उलट दिशेने, म्हणजे वर जातं. चिप ते सांभाळून घेते. पण बाबा भिजून येतात, मनगटावरून ओघळ काचेवर उतरतो आणि बोटाला जोडलेला तो ओघळच बोट होतो. सेटिंगने हे सुटणार नाही, असं माझं मत झालंय.

म्हणून ठरवलं: ७ इंची पॅनेल स्वयंपाकघरात, पंपघरात २.८ इंची रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारं, एक्सपीटी२०४६ चिपवालं. त्यात वरची फिल्म दाबून खालच्या थराला टेकते, बस्स. ओलं बोट, हातमोजा, काठी, काहीही चालतं. एका मित्राने इन्फ्रारेड चौकट सुचवली, काचेवरून अदृश्य किरण सोडून ते अडले की स्पर्श ओळखणारी. शाळांतल्या मोठ्या स्मार्ट बोर्डांना ती छान शोभते, पण पावसाळ्यात पंपघराच्या दिव्याभोवती जमणारे किडे किरण अडवत बसतील.

हे लिहीत असतानाच रेझिस्टिव्हबद्दल मन मागे आलं. बाबांच्या हाताला माती असते, मातीत रेव. ती मऊ फिल्म किती दिवस टिकेल? आणि बाबांना तीनच बटणं लागतात: भरा, बंद, कुळागर. १९६५मध्ये इंग्लंडातल्या माल्व्हर्नच्या रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी टचस्क्रीन मांडला, तेव्हा तोही पडद्यावरच्या ठरावीक तारांना बोट लावण्याचाच होता. मलाही ठरावीक जागाच पुरतील, आणि ईएसपी३२ला स्वतःच्या १० टच पिना आहेत. ३ मिलिमीटर ॲक्रिलिकमागे तांब्याच्या पट्टीचे तीन मोठे चौकोन, एकमेकांपासून चार बोटं दूर, आडवे. म्हणजे एकावरचा ओघळ खाली उतरताना दुसऱ्याला गाठणार नाही. वरून छोटी पावळी. अर्धा सेकंद दाबून धरलं तरच मान्य करायचं.

तांब्याची पट्टी घरात आहे. आत्ताच तीन चौकोन कापलेत. चवथीला घर पाहुण्यांनी भरेल, टाकी दिवसातून दोनदा भरावी लागेल, त्याआधी बाबांच्या ओल्या हाताखाली ते तपासून आकडे टाकतो. कुणी ॲक्रिलिकमागे पॅड लावले असतील तर चौकोन किती मोठा ठेवलात ते जरूर कळवा.