गिटारची घरघर आणि सोसायटीचं अर्थिंग

इलेक्ट्रिक गिटार घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची म्हटलं की जो तो विचारतो, इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) कुठला घेऊ, प्लगिन (आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) कुठलं टाकू. मला विचाराल तर आधी भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते बघा. हे मी चिडूनच लिहितेय. माझी सगळी दमछाक एका हिरव्या वायरीपायी झाली, आणि त्यातली निम्मी आमच्या कमिटीपायी.

इंटरफेस आला, ड्रायव्हर पडला, गिटार वाजली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त केबल इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावा. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या कॉइलला, साधारण 1 मेगाओहमचं इनपुट लागतं. लाइन इनपुटला लावलीत तर वरचे सूर मरतात आणि गिटार गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखी वाटते.

क्लीन आवाज ठीक होता. डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो फाटका आवाज, चालू केलं की मात्र हेडफोनमध्ये घरघर. डिस्टॉर्शन बारीकसारीक सिग्नलही फुगवून मोठा करतं, त्यामुळे एरवी कानाआड होणारी हमही (विजेची गुणगुण) सुरांच्या बरोबरीने येऊन बसते. ज्याला विचारावं तो सांगे, नॉइज गेट लाव. लावून पाहिलं. गेट आवाज बंद करतं ते दोन सुरांच्या मधल्या शांततेत. सूर चालू असताना हम त्याच्याखाली तशीच राहते, आणि लांबवलेल्या सुराची शेपटी मात्र कापली जाते. अमेरिकन व्हिडिओ पाहून 60 हर्ट्झला फिल्टर लावायच्या फंदातही पडू नका. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे हम 50, 100, 150 अशी सापडणार.

शोध घ्यायचा तर असा घ्या. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही घरघर राहिली तर भानगड केबलमध्ये किंवा त्याच्या पुढे. व्हॉल्यूम वाढवून खुर्चीसकट हळूहळू गोल फिरा. दिशेनुसार हम कमीजास्त होत असेल तर ती पिकअप हवेतून ओढतोय. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर घाबरू नका, पुष्कळ गिटारींचं तसं होतं. हात लावल्यावर वाढला तर मात्र आतली जोडणी तपासून घ्या. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा.

मी चार्जर काढला आणि घरघर जवळजवळ गायब झाली! लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोट फिरवल्यावर ज्या मुंग्या येत, त्याही थांबल्या. चार्जरच्या आत गोंगाट गाळायला कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा अगदी बारीक करंट अर्थमध्ये जायला हवा. अर्थच नसेल तर तो लॅपटॉपच्या पत्र्यावर येतो, तिथून यूएसबीतून इंटरफेसमध्ये आणि केबलमधून थेट गिटारच्या तारांपर्यंत. बॅटरीवरच काम भागवावं, तर माझी बॅटरी एक गाणंसुद्धा पुरं होऊ देत नाही.

आमची इमारत डोंबिवलीतली, जुनी, लिफ्ट नसलेली. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, दिवा लागला. "लाइट आहे की ताई," म्हणाला. लाइट आहे हे मलाही दिसत होतं. मी म्हटलं, अर्थ बघा. त्याने प्लेट उघडली, पाच मिनिटं खुडबुड केली, प्लेट बसवली आणि पैसे घेऊन गेला. घरघर खरंच कमी झाली. माझ्या मल्टिमीटरवर आधी फेज आणि अर्थमध्ये कधी 40, कधी 90 असं वेड्यासारखं काहीतरी यायचं. आता सरळ 231 आले. पण न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी 0.0. विजेच्या मीटरपासून इतक्या लांब, घरात फ्रिज चालू असताना, खऱ्या अर्थिंगला थोडा तरी फरक दिसायला हवा होता.

मेन स्विच बंद करून प्लेट उघडली. मागे बोटभर लांबीचा लाल वायरीचा तुकडा, एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूला, दुसरं अर्थच्या. खरी हिरवी वायर बॉक्सच्या कोपऱ्यात मुटकुळं होऊन पडलेली, टोकाला चुन्याचा थर. ती कधी कशाला जोडलेलीच नव्हती.

हा जुगाड जिवावर बेतणारा आहे. उद्या मागे कुठे न्यूट्रल सुटला किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर पूर्ण 230 व्होल्ट त्या तुकड्यातून लॅपटॉपच्या पत्र्यावर आणि गिटारच्या तारांवर. आणि तारा आपण दोन्ही हातांनी धरलेल्या असतात. तुकडा तिथल्या तिथे काढून टाकला. घरघर परत आली, येऊ दे म्हटलं. हम घालवायला प्लगची जाड अर्थ पिन कापा किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावा असं सांगणारेही भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका.

मग गेले सेक्रेटरी काकांकडे. माझी हिरवी वायर जोडायची कुठे? मीटर रूममधली अर्थची पट्टी बोल्टपाशी गंजून तुटली होती, आणि अर्थिंगचा खड्डा पार्किंगमध्ये होता म्हणे. तिथे आता पेव्हर ब्लॉक. "ब्लॉक आत्ताच बसवलेत," काका म्हणाले, "तुझ्या गिटारसाठी उखडायचे का?" मी म्हटलं, प्रश्न गिटारचा नाही, अख्ख्या इमारतीचा आहे. "आजवर कोणाची तक्रार आली नाही." मग कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्या म्हटलं. घेतला. पुढच्या मीटिंगवर ढकलला. त्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं आणि माझा विषय राहिला. एका सदस्याने तर जिन्यात गाठून सल्ला दिला, "बेटा, साधी गिटार घे ना, तिला वीजच लागत नाही." मी अर्ज लिहून दिला, त्याची पोच मागितली. पोच द्यायला काकांना शिक्का सापडेना.

गाडं हललं ते काकूंमुळे. मी शिक्क्याची वाट बघत बसले होते तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "अहो, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, किती दिवस सांगतेय!" वॉशिंग मशीन. मी मल्टिमीटर घेऊन गेले आणि काकांच्या देखत त्यांच्याच सॉकेटमध्ये लावून दाखवला. फेज आणि अर्थमध्ये 70 का 80. त्यानंतर मीटिंग लागली नाही. लायसन्सवाला कंत्राटदार आला, ब्लॉक उचलले गेले, नवीन खड्डा, त्यात जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. त्याने जमिनीत दोन खुंट्या ठोकून अर्थचा रेझिस्टन्स मोजून दाखवला. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत चला म्हणाला. मीटर रूमपासून घरापर्यंतची हिरवी वायर ज्याची त्याने ओढायची असं ठरलं. मी लगेच ओढली, आणि सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवला. तो तुम्हीही बसवा, गिटार असो वा नसो.

चार्जर लावून डिस्टॉर्शन चालू केलं, आणि घरघर नाही! खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

थोडी हम उरली, पण ती माझ्या सिंगल कॉइल पिकअपची. अशा हमवर उपाय म्हणून 1955 मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट कॉइल जोडून हमबकर केला होता. माझ्या गिटारीत तो नाही, पण पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र लागतात. मधला उलट गुंडाळलेला असेल तर हम तिथेही मरते. डिमरवाला दिवा बंद ठेवा, लॅपटॉपपासून हातभर लांब आणि तिरके बसा. आता राहिलेल्या चिमूटभर आवाजाला गेट लावा, अगदी हलकं.

लेव्हलचं राहिलंच. जोरात वाजवल्यावर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या मीटरचा काटा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहू दे. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये वर जायची गरज नसते, आणि शून्यावर गेलं की आवाज फाटतो तो फाटतोच. प्लगिनमधल्या अॅम्पचा आवाज डासासारखा चिरका येत असेल तर कॅब सिम (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद असणार. खऱ्या गिटार स्पीकरमध्ये साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचं फारसं येत नाही, ते काम कॅब सिम करतं. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने, 128 ठेवला तर 44.1 किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर जेमतेम 3 मिलिसेकंद होतो. टकटक ऐकू आली तर 256 करा.

आणि मल्टिमीटर नक्की घ्या, साधा असला तरी चालेल. माझा सध्या सेक्रेटरी काकांकडे आहे. मागितला की म्हणतात, अजून तिसऱ्या मजल्यावरची सॉकेटं तपासायची राहिलीत.