सिएरा ते रॉकी: नकाशावर सरळ रेघ मारायची नाही

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरपासून कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सपर्यंत सरळ रेघ मारली तर अंतर साधारण आठशे नॉटिकल मैल (सुमारे दीड हजार किलोमीटर) भरतं. इंटरस्टेट ८० हा हायवे धरून रेनो, एल्को, ऑग्डन, लॅरमी असं गेलं तर त्यात सत्तर-ऐंशी मैलांची भर पडते. फ्लाइंग क्लबच्या सेसना १८२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाला तेवढं कापायला अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागतं. सप्टेंबरच्या शेवटी मी आणि नवरा माझ्या धाकट्या बहिणीकडे जाणार आहोत, आणि हा जास्तीचा अर्धा तास मी अगदी आनंदानं देणार आहे.

आईला फोनवर बेत सांगितला तर ती म्हणाली, "अगं, विमानात बसून पुन्हा रस्त्यावरूनच कशाला जायचं?" प्रश्न रास्त आहे.

सरळ रेघ सिएरा नेवाडा ही डोंगररांग ओलांडते ती सोनोरा पास या खिंडीच्या आसपास, जिथली शिखरं अकरा हजार फुटांच्या वर आहेत. पुढे नेवाडाच्या मधोमध मैलोन्‌मैल वस्ती नाही. शेवटी रॉकी पर्वताची रांग आडवी येते, त्यातलं लॉन्ग्ज पीक १४,२५९ फुटांचं. माझ्या विमानाला टर्बोचार्जर, म्हणजे विरळ हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र, नाही. २३० अश्वशक्तीचं हे इंजिन वर जाताना दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावत जातं. साडेअकरा हजार फुटांवर चढायला फारसं काही उरत नाही. मिनिटाला तीन-चारशे फूट मिळाले तरी खूप. आणि डोंगरामागे खाली कोसळणारी हवा मिनिटाला हजार-दोन हजार फुटांनी कोसळू शकते.

स्टीव्ह फॉसेट फुग्यातून एकट्यानं जगप्रदक्षिणा केलेला माणूस. ३ सप्टेंबर २००७ला नेवाडातून एका छोट्या विमानातून सकाळची चक्कर मारायला निघाला आणि परतला नाही. अवशेष वर्षभरानं मॅमथ लेक्सजवळच्या सिएरात मिळाले. चौकशीतून निघालेलं कारण हेच: खाली जाणारी हवा विमानाच्या चढण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त होती. त्याच्याइतका अनुभव मला या जन्मात मिळणार नाही, म्हणून मी वाट निवडताना जास्त कडक राहते.

हायवेची वाट मुळात हायवेची नाहीच. १८४०च्या दशकात बैलगाड्यांनी आलेले लोक हम्बोल्ट नदी धरून नेवाडा ओलांडत. १८६९ला पूर्ण झालेला रेल्वेमार्गही तीच नदी धरतो, आणि ऑग्डनजवळ वेबर कॅन्यनमधून डोंगर पार करतो. १९२० साली सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क विमानाची टपाल सुरू झाली तीही याच पट्ट्यातून. पुढे रात्रीच्या वैमानिकांसाठी दिव्यांचे मनोरे उभारले आणि त्यांच्या पायथ्याशी पुढच्या मनोऱ्याची दिशा दाखवणारे काँक्रीटचे मोठमोठे बाण ओतले. त्यातले काही नेवाडा-युटाच्या वाळवंटात अजून शाबूत आहेत. डोंगराला सर्वांत कमी भिडणारी जागा एवढ्या लोकांनी शोधून ठेवलेली असताना मी नवी कशाला शोधू? शिवाय या वाटेवर लव्हलॉक, विनेमका, बॅटल माउंटन, एल्को, वेंडोव्हर अशा धावपट्ट्या ओळीनं आहेत. इंजिन बंद पडलं तरी खाली निदान रस्ता आहे, माणसं आहेत.

हायवेच्या वाटेवर, सिएरातल्या डॉनर पासच्या उत्तरेला कॅसल पीक आहे, ९,१०३ फूट. त्यावर दोन हजार फूट मोकळे हवेत. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजार अधिक पाचशे ही उंची धरायची असते, म्हणून ११,५०० फूट ठरले. कायद्यानं वैमानिकाला ऑक्सिजन लागतो तो १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलं तर. मी मात्र दहा हजारांच्या वर गेले की नळी नाकाला लावते आणि बोटाला ऑक्सिमीटर. ऑक्सिजन कमी पडायला लागला की पहिल्यांदा डोकं चालेनासं होतं, आणि ते आपलं आपल्याला कळत नाही.

आता वारा. वाईला घाटावर बसून कृष्णेचं पाणी बुडालेल्या दगडावरून जाताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल: दगडाच्या अलीकडे पाणी गुळगुळीत चढतं, पलीकडे खाली कोसळतं, आणि मग बऱ्याच अंतरापर्यंत लाटा उठत राहतात. सिएरावरून पश्चिमेचा वारा जातो तेव्हा हवेचं हेच होतं. पूर्वेकडे जाताना माझ्यासाठी कोसळणारी बाजू डोंगराच्या पलीकडे, म्हणजे ट्रकी आणि रेनोच्या अंगाला असते. परतताना ती अलीकडे, डोंगर ओलांडायच्या आधीच, समोरून येते. म्हणून परतीचा प्रवास मला जाण्यापेक्षा अवघड वाटतो. तेव्हा कड्याला सरळ न भिडता पंचेचाळीस अंशांत जायचं. हवेनं खाली दाबलं तर अर्धं वर्तुळ घ्यावं लागत नाही, काटकोनात वळलं की विमानाचं तोंड दरीकडे होतं.

शिकवणारे सांगतात, शिखरांच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या (तासाला २५ नॉटिकल मैल) वर असेल तर जाऊ नका. मी माझ्यासाठी २० धरलेत. नऊ हजार आणि बारा हजार फुटांचा अंदाज पाहायचा, दोन्हीपैकी एकही आकडा वर गेला की त्या दिवशी उड्डाण नाही. आकाशात भिंगासारखे गुळगुळीत, जागचे न हलणारे ढग दिसले तरी नाही.

ट्रकीचा विमानतळ अडीनडीला उतरायला म्हणून यादीत आहे. उतरता येईल, पण पुन्हा उडता येईल का, हेही आजच बघून ठेवायला हवं. त्याची उंची सुमारे ५,९०० फूट. हवा तापली की विरळ होते, आणि विमानाला आपण आणखी उंचावर असल्यासारखं होतं. तेवढ्या उंचीचं प्रमाण तापमान तीन अंशांच्या आसपास धरतात. दुपारी तीस अंश झालं, तर फरक सत्तावीस अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की सव्वातीन हजार फूट वाढतात. म्हणजे विमानाच्या लेखी धावपट्टी नऊ हजारांच्या वर गेली. वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण विमान जमिनीवरून पुष्कळ जोरात धावत असतं, धावपट्टी भराभर संपते आणि समोरची झाडं हवी तितकी खाली जात नाहीत. म्हणून तिथे उतरलो तर मुक्काम, आणि निघायचं ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात.

त्याच हिशेबानं सगळा प्रवास सकाळचा ठेवलाय. पहिल्या दिवशी उजाडताच निघून एल्कोला इंधन, मग ऑग्डन, आणि मुक्काम तिथेच. वेंडोव्हरच्या पुढे दोन्ही बाजूंना हवाई दलाचं निषिद्ध क्षेत्र आहे, तिथे तर हायवे धरूनच जायचं.

दुसरा दिवस वायोमिंगचा. तिथला वारा असा, की हायवेवरचे रिकामे ट्रक उलटू नयेत म्हणून त्यांना रस्ताच बंद करतात. लॅरमीच्या पश्चिमेला मेडिसिन बो पीक आहे, १२,०१३ फूट. ६ ऑक्टोबर १९५५ला डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला निघालेलं प्रवासी विमान त्याच्या कड्यावर आदळलं. ६६ माणसं गेली. ठरलेली वाट डोंगराला उत्तरेकडून वळसा घालणारी होती, विमान ती सोडून डोंगराकडे का गेलं हे कधीच कळलं नाही. नकाशावर त्या शिखराभोवती मी लाल पेन्सिल फिरवून ठेवलीय.

परवा बहीण विचारत होती, "ताई, शनिवारी रात्री जेवायला पोचशील ना? पुरणपोळ्या करते." मी तिला दिवस सांगितलाच नाही. डोंगरात छोटी विमानं ज्या निर्णयांमुळे पडतात, त्यातले बरेच 'आज पोचायलाच हवं' या एका वाक्यातून निघतात असं माझं ठाम मत आहे. कुणी पुरण शिजवून वाट बघतंय हे मनात असताना वाऱ्याचा आकडा २२ दिसला, तर तो २० वाटायला लागतो. म्हणून तिला म्हटलं, "आम्ही आलो की मग पुरण घाल, मी वाटून देईन."

तिच्याकडे विमानाचा नंबर आणि वाट लिहून ठेवलीय, त्या-त्या दिवशीची पोचायची वेळ निघताना कळवेन. फ्लाइट प्लॅन दाखल असेलच. पोचायच्या वेळेनंतर अर्ध्या तासात, पोचलो असं कळवून तो बंद केला नाही तर शोधाशोध सुरू होते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, काडेपेटी आणि शिट्टी अंगावरच्या जॅकेटच्या खिशात असतील, मागच्या बॅगेत नाहीत. गरम कपडे आणि पाणी हाताशी.

आणि ऑग्डनजवळच्या सॉल्ट लेक सिटीहून डेन्व्हरची दोन तिकिटं बघून ठेवलीत, रद्द केली तर पैसे परत मिळणारी. वायोमिंगचा वारा दोन दिवस उतरला नाही, तर विमान ऑग्डनला दोरांनी बांधून ठेवायचं आणि पुढे मोठ्या विमानानं जायचं. नवऱ्याला हे पटलंय. क्लबलाही कळवलंय की विमान ठरल्यापेक्षा दोन-तीन दिवस जास्त बाहेर राहू शकतं.