मार्केटिंग आटोपशीर करायला निघाले आणि पासवर्डपाशी अडकले

माझा फोटो फ्रेमिंगचा छोटासा व्यवसाय आहे. मी आणि एक मदतनीस, बस्स. एवढ्याशा कामासाठी फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, यूट्यूब चॅनेल, वेबसाइट, ईमेलवरचं बातमीपत्र आणि गूगल मॅपवरची नोंद असा सगळा पसारा मांडलेला होता. तो सांभाळायला एक एजन्सी. दर महिन्याला त्यांचा अहवाल यायचा, रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचली) किती वाढला, इम्प्रेशन्स (ती किती वेळा दिसली) किती वाढली. फ्रेमा किती गेल्या ते मात्र मला माझ्या वहीतूनच कळायचं.

काय ठेवायचं आणि काय बंद करायचं हे ठरवायला काहीच कष्ट पडले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एवढंच विचारायचं आणि उत्तर पावतीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. बहुतेकांची उत्तरं दोनच निघाली: ओळखीच्यांनी सांगितलं, नाहीतर मॅपवर दिसलं. यूट्यूबचं नाव कुणाच्याही तोंडून आलं नाही. तेव्हा मॅप, व्हॉट्सॲप बिझनेस आणि एक साधी वेबसाइट ठेवायची, बाकी सगळं बंद. एजन्सीला तसं कळवलं, त्यांनी "शुअर मॅम" म्हटलं, आणि इथून पुढे माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

मॅपवर दुकानाची वेळ बदलायला गेले तर बदलताच येईना. नोंद एजन्सीच्या खात्यात! गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये (2021 पर्यंत यालाच गूगल माय बिझनेस म्हणायचे) ओनर आणि मॅनेजर असे दोन प्रकार असतात. मॅनेजर वेळ बदलू शकतो, फोटो टाकू शकतो, पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला काढायचं हे ओनरच्याच हातात. माझ्या स्वतःच्या व्यवसायात मी साधी मॅनेजरही नव्हते.

फोन लावला. "मॅम, तुमचं अकाउंट बघणारे सर सोडून गेले." बरं, मग आता कोण बघतं? "टेक टीमला मेल टाकलाय मॅम." टेक टीम म्हणे, हे बिलिंगवाले बघतात. बिलिंगच्या बाई मात्र चटकन बोलल्या: तिमाहीचं बिल क्लिअर करा, मग हँडओव्हर करू. बिल केव्हाच भरलेलं होतं. पावती पाठवली, त्यावर "नोटेड" एवढंच उत्तर आलं आणि पुन्हा सामसूम. अहवाल मात्र महिना संपताच न चुकता हजर! जे काम मी बंद करायला सांगितलं होतं त्याचाच, रंगीत आलेखांसकट.

त्यांच्यातल्या एकाने तर सुचवलं, "मॅम, नवीन प्रोफाइल काढून देतो ना, कमी चार्जमध्ये." चोराच्या उलट्या बोंबा! जुन्या नोंदीवरचे रिव्ह्यू नव्या नोंदीवर आपोआप येत नाहीत. शिवाय एकाच व्यवसायाच्या एकाच जागेवर दोन नोंदी गूगलच्या नियमात बसत नाहीत. तुम्हाला कुणी असा शॉर्टकट सुचवला तर सरळ नाही म्हणा.

शेवटी विनवण्या बंद केल्या आणि मालकीची विनंती थेट गूगलकडे टाकली. प्रोफाइल जोडायच्या पानावर आपल्या व्यवसायाचं नाव शोधायचं. तिथे ताबा दुसऱ्याकडे असल्याचं दिसतं, ईमेलची पहिली अक्षरं तेवढी दिसतात, बाकीची झाकलेली. खाली ॲक्सेस मागायचं बटण असतं. ते दाबलं की सध्याच्या ओनरला मेल जातो आणि उत्तर द्यायला त्याला 3 दिवस मिळतात. त्याने काहीच कळवलं नाही, तर स्वतः पडताळणी करून ताबा घ्यायचा पर्याय मिळू शकतो. मेलला उत्तर न देण्यात आमची एजन्सी पटाईत, या वेळी तेच माझ्या पथ्यावर पडलं.

पडताळणी व्हिडिओने झाली. व्हिडिओ सलग हवा, मध्ये कापलेला चालत नाही. बाहेरचा रस्ता, दुकानाची पाटी, मग आपल्या हाताने कुलूप उघडून आत, आणि आत काम चालतं याचा पुरावा. मी भिंतीला टेकवलेल्या मोल्डिंगच्या पट्ट्या (यांचीच फ्रेम बनते) दाखवल्या आणि 45 अंशांत कोपरे कापायच्या यंत्रापाशी जाऊन एक पट्टी कापूनच दाखवली. एवढ्याची गरज नव्हती, पण राग कुठेतरी काढायचा होता. लोकांचे चेहरे किंवा बँकेचे कागद त्यात येऊ देऊ नका.

मंजुरीचा मेल आला तेव्हा मी मदतनिसाला तो मोठ्याने वाचून दाखवला. तरी जीव लगेच भांड्यात पडत नाही, कारण नव्या ओनरला पहिले 7 दिवस जुन्या माणसांना काढता येत नाही. तेवढे दिवस मी सकाळ-संध्याकाळ नाव आणि फोन नंबर तपासत होते.

एजन्सीला नोटीस द्यायच्या आधीच डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या ईमेलवर आहे ते बघून घ्या. ते दुसऱ्या कंपनीकडे हलवायचं तर ऑथ कोड (हलवायच्या परवानगीचा कोड) लागतो आणि तो खातं ज्याच्याकडे असतं त्यालाच मिळतो. माझं डोमेन माझ्याच ईमेलवर होतं, त्यामुळे वेबसाइटचं काम बोलता बोलता झालं. फेसबुक पेज असेल तर त्याचं पूर्ण नियंत्रण कुणाकडे आहे तेही बघा.

आता उरलेलं काम फार थोडं आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या प्रश्नांना क्विक रिप्लाय लावून ठेवलेत. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते "जुना फोटो काचेला चिकटलाय, काय करू?" उत्तर तयार असतं: ओढू नका, काचेसकट घेऊन या, आधी काचेवरूनच स्कॅन करून घेऊ. याच उत्तराचा एक फोटो मॅपवर टाकला, तर लोक तो दाखवत दुकानात येतात. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायची यादी) 256 जणांपर्यंतची होते, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून फ्रेम हातात देतानाच नंबर सेव्ह करायला सांगते. रिव्ह्यूही तेव्हाच मागते. त्याबदल्यात सवलत मात्र देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे.

आणि हो, क्यूआर कोड! एजन्सीने पावत्यांवर छापून दिलेला रिव्ह्यूचा कोड त्यांच्या सबस्क्रिप्शनच्या लिंकवरून फिरून जाणारा होता. त्यांनी सबस्क्रिप्शन बंद केलं आणि कोड मेला. रिव्ह्यूची लिंक आणि कोड प्रोफाइलमधूनच फुकट मिळतो, तोच छापा. माझ्याकडे जुन्या पावत्यांचा गठ्ठा अजून पडून आहे, मदतनीस एकेका पावतीवर नवीन कोडचं स्टिकर चिकटवत बसतो आणि दर वेळी विचारतो, "ताई, ह्या संपणार कधी?"