मलाक्क्यातलं न्योन्या जेवण आणि ती काळी बी

क्वालालंपूरच्या टीबीएस स्टँडवरून बस दोन-अडीच तासांत मलेशियातल्याच मलाक्का शहराच्या मलाक्का सेंट्रल स्टँडला पोचते. तिथून सिटी बस लाल इमारतींच्या डच चौकात सोडते. पूल ओलांडला की जोंकर स्ट्रीट. आम्ही पहिल्या दिवशी पावणेतीनला पोचलो, तर आम्ही हेरलेल्या जेवणाच्या हॉटेलातली चूल विझली होती. अशी घरगुती ठिकाणं दुपारी लवकर आवरतात, आठवड्यातला एखादा वार बंदही असतात. बाराच्या ठोक्याला जाऊन बसा. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी रस्त्यावर बाजार भरतो, तेव्हा निवांत जेवण विसराच.

दुसऱ्या दिवशी वेळेत गेलो. जुनं लांबट घर, मध्ये आपल्या वाड्यासारखा उघडा चौक, संगमरवरी गोल टेबलं, भिंतीवर पूर्वजांचे फोटो, कपाटात एनॅमलचे फुलाफुलांचे डबे. व्यापाराला आलेल्या चिनी लोकांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, त्यांचे वंशज म्हणजे पेरानाकन. पुरुष बाबा, बायका न्योन्या, आणि त्यांच्या हातचं ते न्योन्या जेवण.

आधी साम्बल बेलाचानची, म्हणजे कोळंबी घातलेल्या मिरचीच्या चटणीची, वाटी आली. वास घेऊन आई म्हणाली, "अगं, हा तर जवळा!" तसंच आहे ते. बेलाचानची बारीक कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातीची. मिठात मुरवून, कुटून, उन्हात वाळवून तिच्या वड्या करतात. इथल्या मसाल्यात ती जवळपास सगळीकडे असते, म्हणून शाकाहारी मंडळींनी भाजीसुद्धा विचारूनच घ्यावी. "आदा बेलाचान?" एवढं पुरतं. 'बाबी' म्हणजे डुक्कर, 'आयाम' म्हणजे कोंबडी, हेही लक्षात असू द्या. आम्ही पोंगतेह कोंबडीचं मागवलं: आंबवलेल्या सोयाबीनचा गोडसर रस्सा, त्यात बटाटे. मुलं हे आवडीनं खातील.

पण मलाक्क्याला यावं ते आयाम बुआह केलुआकसाठी. चिंचेच्या काळपट रश्श्यात कोंबडी आणि अक्रोडाहून मोठ्या, खडबडीत बिया. केपायांगच्या झाडाची ही बी कच्ची असताना विषारी असते, तिच्यात सायनाइड असतं. ती उकडून राखेत-मातीत कितीतरी दिवस पुरतात, मग रोज पाणी बदलत भिजवतात. टवका काढून आतला गर कुटतात आणि परत भरतात. काही ठिकाणी त्यात डुकराचा खिमाही असतो, तेव्हा विचारा. टवक्यातून बारीक चमचा घालून गर खरवडला: शाईसारखा काळा, तुपकट, कडसर. मला कारळाच्या चटणीची आठवण झाली. आईने चमचा बाजूला ठेवला, गर पांढऱ्या भातात हाताने कालवला आणि मग बराच वेळ बोललीच नाही. जुने पेरानाकन हातानेच जेवत, त्यामुळे संकोच नको. ताटलीत मोजक्याच बिया येतात. चौघं असाल तर आधीच जास्तीच्या सांगून ठेवा.

शेवटी ओंदे-ओंदे घ्या, मलाक्क्यात त्याला बुआह मेलाका म्हणतात. पांदान नावाच्या सुगंधी पानाने हिरवे झालेले पिठाचे गोळे, वरून ओलं खोबरं, आत पातळ झालेला माडाचा गूळ. अख्खा गोळा तोंडात टाकून ओठ मिटा, नाहीतर गूळ समोरच्याच्या अंगावर उडतो. आणि बांधून घेऊ नका, या उकाड्यात ओलं खोबरं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.