आमची वाटचाल : मे महिन्यातल्या त्या डब्यांनी आम्हाला बुडवलंच होतं

लातुरात आम्ही ट्यूब, स्लाइड आणि रिएजंट (तपासणीत रक्तात मिसळायची रसायनं) विकून सुरुवात केली. रक्ताची गोठण तपासणारं यंत्र विकायला घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, हे पुण्या-मुंबईचं काम. पण बाळंतिणीचं रक्त थांबेना की फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं रक्तातलं प्रथिन, सगळ्यांत आधी संपतं, आणि लॅबचा रिपोर्ट यायला तास जातो. गरोदरपणात ते लिटरला ४ ते ६ ग्रॅम असतं. रक्त चालू असताना २ च्या खाली गेलं की केस गंभीर. खाटेशेजारच्या यंत्रावर फिबटेमचा ए५, म्हणजे फायब्रिनोजेनची गुठळी किती घट्ट होते त्याचा आकडा, दहाएक मिनिटांत हातात येतो.

पहिलं यंत्र अंबाजोगाईकडच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी घेतलं. यंत्र आलं तरी त्यांनी रक्त गोठतं का ते नळीत बघायची जुनी पद्धत सोडली नाही. काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त, नळी मुठीत धरून ऊब द्यायची, ४ मिनिटांनी हळूच कलती करायची. ७ मिनिटांत गुठळी धरली नाही, किंवा धरून फुटली, तर लगेच रक्तपेढीला फोन. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकवर रक्त उशिरा गोठतं.

मग बाहेरचा एक डीलर आला. त्याचा भाव आमच्या खरेदीपेक्षा कमी. २ ते ८ अंशांत ठेवायचे रिएजंटचे डबे तो भर मे महिन्यात गाडीच्या डिकीतून बर्फाशिवाय पोचवायचा. आकडे चुकले आणि नाव खराब झालं यंत्राचं. ऑर्डरी थांबल्या, उधारी अडकली, गाळा गहाण पडला. त्या वेळी मॅडमनी एकाच रक्तावर दोन्ही रिएजंट चालवले आणि डॉक्टरांच्या बैठकीत दोन्ही आलेख टेबलावर ठेवले. गुठळी जितकी घट्ट तितका आलेख रुंद; आमचा रुंद उघडलेला, त्याचा सुतळीसारखा बारीक. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पेशंट तीच आहे, डबा बदललाय." त्या दिवसापासून फोन परत सुरू झाले. तो डीलर मात्र कुणाला एक शब्द न बोलता निघून गेला, याचा राग अजून आहे.

पुढची वर्षं नीट गेली.

नवीन सिस्टरांना सांगणं आहे : निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट (ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं द्रावण). सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त काढू नका. सेंट्रिफ्यूजच्या टेबलावर यंत्र ठेवू नका, हादऱ्यानं आलेख बिघडतो. आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिडसाठी (रक्तस्राव रोखणारं औषध) आमच्या रिपोर्टची वाट बघू नका; १ ग्रॅम, बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं.

त्या डीलरच्या काळात बंद करून कपाटात टाकलेली यंत्रं अजून काही दवाखान्यांत आहेत. कळवा, आम्ही येऊन कॅलिब्रेशन मोफत करून देऊ.