दुपारी दोनला मान टाकणारी लिंक

कारंजा लाडच्या पुढं एका गावात डाळ मिल आहे, तिथला कलर सॉर्टर मे महिन्यात रोज दुपारी बंद पडायचा. सकाळी एकदम ओके, कॅमेरा तुरीच्या डाळीचा दाणा न दाणा पाहतो, काळा दिसला की हवेचा फटका देऊन बाजूला. दोन वाजले की स्क्रीनवर आडव्या रेघा, मग फोटोच गायब. आधी कॅमेरा बदलून झाला होता, केबलही. ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, मशीनले ऊन लागते, दुसरं काही नाई." मला ते पटलं.

कॅमेऱ्याचं कार्ड पीसीआय एक्सप्रेस जेन 3 वर (कॉम्प्युटरला कार्ड जोडायची वेगवान लिंक, तिची तिसरी पिढी), म्हणजे लेनला, डेटाच्या एका वाटेला, सेकंदाला 8 गिगाट्रान्सफर, आणि मधे रायझर म्हणजे जोडबोर्ड, दोन कनेक्टर, सगळं साध्या एफआर-4 चं, नेहमीच्या सर्किट बोर्डाच्या मटेरियलचं. या स्पीडला सिग्नल 4 गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि तिथं असा बोर्ड इंचाला पाऊण-एक डीबी (सिग्नल किती घटला त्याचं माप) सहज खातो, शिवाय तापला की अजून जास्त खातो, तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि एफआर-4 चा लॉसही. 20 डीबी गेले की व्होल्टेज दहावा हिस्साच उरतं! लिंक चालू होताना दोन्ही टोकं ट्रेनिंगमधे ट्रान्समीटरचं इक्वलायझेशन, म्हणजे वाटेत जास्त घटणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीची भरपाई किती करायची ते, ठरवून घेतात, पण ते सकाळच्या थंड बोर्डावर ठरलेलं, दुपारी बाहेर 45 आणि पॅनलच्या आत त्याहून जास्त.

सिग्नल पाहायचा स्कोप तिथं कुठून आणणार, म्हणून लॅपटॉप लावून करेक्टेबल एरर, म्हणजे लिंक स्वतःच दुरुस्त करते त्या चुका, मोजत बसलो. पॅनलमधलं तापमान चढलं तसे एररही चढले, आणि दुपारी रीस्टार्ट केलं तर लिंक 8 वरून थेट 2.5 गिगाट्रान्सफरवर, म्हणजे जेन 1 वर, उतरली. जेन 2 वर बांधून ठेवता आली असती पण त्यात डेटा निम्माच जातो, कॅमेऱ्याला पुरत नाही. मालक म्हणाले, पॅनलसमोर कूलर लावू का भाऊ? मी नाही म्हटलं, कूलरची हवा ओली, एफआर-4 ओल धरतं आणि ओलीनं लॉस वाढतोच, वरून डाळीचा भुसा आत जाऊन चिकटणार ते वेगळं.

रायझरवर रीड्रायव्हर, म्हणजे घटलेला सिग्नल उचलून पुढं पाठवणारी चिप होती, तिचं इक्वलायझेशन लॅबमधल्या एसीत सेट केलेलं असणार. फिल्टर झटकून घेतला आणि भर दुपारीच एक पायरी वाढवली, एरर जवळपास थांबले. अजून एक वाढवून पाहिली तर परत वाढले, कारण ही चिप उंच फ्रिक्वेन्सी उचलते तेव्हा नॉइज आणि शेजारच्या लेनचा क्रॉसटॉकही उचलते, आणि लोकांना वाटतं गेन जितका जास्त तितकं चांगलं. एक पायरी मागं आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड बोर्डावरही तपासलं, तिथंही लिंक 8 वरच. त्या दुपारी डाळ थांबली नाही.

मशीन बनवणाऱ्यांना मी एवढंच कळवलं की पुढच्या बोर्डावर रीटायमर टाका, तो क्लॉक काढून डेटा नव्यानं पाठवतो, नॉइज पुढं नेत नाही. महाग पडतो, पण विदर्भात मशीन विकायचं तर टेस्टिंग तापलेल्या पॅनलमधे व्हायला पाहिजे.