धंदा बुडतो आमचा, तरी मी संपवाल्यांवर का चिडत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. इंदूरला रामबागेत आमचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे, तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स असली कामं, आणि जगात कुठेही विमानतळावरच्या कामगारांनी पेन्शनसाठी संपाची नोटीस दिली की आमचा फोन खाली ठेवता येत नाही. पहिला प्रश्न असतो, ताई तिकीट कॅन्सल करू का. आणि दुसरा, जरा कुत्सितपणे, की अहो धंदा तर तुमचाच बुडतो, मग तुम्ही त्यांची बाजू का घेता. पहिल्याचं उत्तर फोनवर देऊन होतं, दुसऱ्याचं अर्ध्यावर आलं की समोरचा म्हणतो जाऊ द्या, पीएनआर लिहून घ्या.

तर पहिलं आधी उरकते. कॅन्सल करू नका. नोटीस म्हणजे संप नाही, आणि अशा नोटिसांमधल्या बऱ्याचशा शेवटच्या आठवड्यात मिटतात. तुम्ही स्वतःहून कॅन्सल केलं तर चार्जेस तुमच्या खिशातून, एअरलाइननं फ्लाइट रद्द केली तर पूर्ण रिफंड नाहीतर दुसरी फ्लाइट. पुष्कळदा एअरलाइन त्या तारखांसाठी वेव्हर काढते, म्हणजे तारीख फुकट बदलून मिळते, तेवढी कळ काढायची. लंडन किंवा डब्लिनहून निघणाऱ्या फ्लाइटला तिकडचे नियम लागतात, अडकलात तर जेवण आणि हॉटेल एअरलाइनकडेच, पण वरची रोख भरपाई मिळत नाही, कारण विमानतळाची माणसं एअरलाइनच्या नोकरीत नसतात त्यामुळे तो संप तिच्या हाताबाहेरचा धरतात (एअरलाइनच्या स्वतःच्या पायलटांनी संप केला तर गोष्ट वेगळी, त्यावर युरोपच्या कोर्टानं 2021 मध्ये सांगितलंय की भरपाई द्या). इन्शुरन्स मात्र नोटीस यायच्या आधी घेतलेला हवा, नंतर धावत येऊन उपयोग नाही, आणि लोक नेमके नंतरच येतात.

आता दुसरं. मला नेहमी 2008 ची जानेवारी आठवते. ब्रिटनमध्ये तेव्हा बीएए नावाची कंपनी होती, हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेडपासून ग्लासगो-एडिनबरापर्यंत सात विमानतळ तिच्याकडे, आणि 2006 मध्ये स्पेनच्या फेरोव्हियालच्या गटानं ती विकत घेतलेली. कंपनीनं ठरवलं की यापुढे नोकरीला लागणाऱ्यांना शेवटच्या पगारावरची पेन्शन मिळणार नाही. युनाइट या युनियननं मतदान घेतलं आणि 7, 14 आणि पुढे 17-18 जानेवारी अशा तारखा जाहीर केल्या. आमच्याकडून ख्रिसमसच्या सुट्टीला घरी आलेली मुलं नेमकी तेव्हाच परत जायची, त्यामुळे सुदामा नगरापासून टिळक नगरापर्यंत सगळ्या आयांचे फोन. एकीनं तर मला सांगितलं, पौंडात पगार घेतात मेले आणि वर पेन्शन पाहिजे, आमच्या पोराची नोकरी गेली म्हणजे?

पोराची नोकरी गेली नाही. संप झालाच नाही, महिना सुरू होता होताच बोलणी होऊन तो मागे घेतला गेला. पण त्या भानगडीतली एक गोष्ट मी तेव्हा वाचली आणि ती डोक्यातून जात नाही, की जे लोक संपावर जायला निघाले होते त्यांची स्वतःची पेन्शन तर कोणी काढून घेत नव्हतं! जुन्यांची जशीच्या तशी राहणार होती. भांडण होतं ते अजून नोकरीला न लागलेल्या पोरांसाठी, ज्यांची नावंसुद्धा यांना माहीत नाहीत, आणि त्यासाठी आपला पगार कापून घ्यायला तयार. आता अर्थात त्यात स्वार्थही आहे, नवीन माणूस स्वस्त पडला की जुना नकोसा होतो हे न कळण्याइतकी युनियन भोळी नसते. तरीपण.

आणि त्यांच्या हातात ताकद कशामुळे होती तेही बघा. त्या संपात फायरवाले होते. विमानतळावर विमानाच्या आकाराप्रमाणे ठराविक क्षमतेचे बंब आणि माणसं तयार उभी लागतात, ती नसतील तर त्या आकाराचं प्रवासी विमान तिथे चालवताच येत नाही. पायलट आहे, विमान आहे, प्रवासी सामान घेऊन उभे आहेत, पण बंबावर माणूस नाही तर विमानतळ बंद. आपण तिकिटाचे पैसे देतो तेव्हा त्या बंबावरच्या माणसाचा विचार कोण करतो, मीही करत नाही, मी बेस फेअर आणि टॅक्स बघते. तो दिसतो तेव्हाच जेव्हा तो म्हणतो मी उद्या येत नाही.

आपल्याकडे हेच झालं, फरक इतकाच की गुपचूप झालं. केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना (फौज सोडून) एनपीएसमध्ये टाकलं, म्हणजे ठरलेली पेन्शन नाही, पगारातून कापलेले पैसे बाजारात गुंतवून जे होईल ते, मध्य प्रदेशनं 2005 च्या जानेवारीपासून, महाराष्ट्रानं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून. जुने लोक जुन्यात, नवे नव्यात, आणि जुन्यांना वाटलं आपलं तर वाचलं. मग ती तेव्हाची नवी पोरं चाळिशी-पन्नाशीला आल्यावर त्यांना हिशोब दिसायला लागला आणि 14 मार्च 2023 ला महाराष्ट्रात संप झाला, एकच मिशन जुनी पेन्शन म्हणत, तेव्हा आमच्या पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचे फॅमिली ग्रुपवरचे मेसेज मी वाचलेत. घरातली एक शिक्षिका संपावर, आणि तिचाच दीर लिहितोय की टॅक्स आम्ही भरायचा आणि पेन्शन यांनी खायची. पुढे केंद्रानं ऑगस्ट 2024 मध्ये यूपीएस नावाची नवी पेन्शन योजना आणली, पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी, 1 एप्रिल 2025 पासून लागू. म्हणजे ज्याला फुकटची मागणी म्हणत होते त्यातलं थोडं तरी सरकारलाच द्यावंसं वाटलं ना.

ऑफिसात सगळ्यात जास्त चिडणारे कोण असतात सांगू? रिटायर्ड लोक. आमचे एक बँकवाले काका आहेत, मुलगा रेडिंगला, दरवर्षी जाऊन येतात, माणूस सोन्यासारखा. संपाची बातमी आली की काका खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू, "अरे यांना एकेकाला घरी बसवा, मग कळेल." मी एकदा चहा देता देता विचारलं, काका, तुमची बँकेची पेन्शन कुठून आली हो? तर म्हणाले बँकेनं दिली. बँकेनं आपणहून नाही दिली, बँकवाल्यांच्या युनियननं वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा 1993 मध्ये करार झाला, आणि काका स्वतः त्या काळात नोकरीत होते. मी एवढं म्हटल्यावर ते थोडा वेळ खारी बुडवत बसले आणि मग म्हणाले, ते दिवस वेगळे होते. काय वेगळं होतं ते नाही सांगितलं.

प्रायव्हेटवाल्यांचा राग मात्र मला समजतो. त्यांना ईपीएस मिळते, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन, त्यात पगार धरतात जास्तीत जास्त पंधरा हजार, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरनं भागायचं, म्हणजे पस्तीस वर्षं घासली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास, आणि कमीत कमी पेन्शन 2014 पासून एक हजार रुपये. एक हजारात इंदूरमध्ये महिन्याचं दूधसुद्धा येत नाही. असा माणूस जेव्हा ऐकतो की कोणीतरी शेवटच्या पगाराच्या निम्म्यासाठी विमानं बंद पाडतंय, तर त्याच्या पोटात दुखणारच. पण मग तो म्हणतो काय, तर मला नाही ना, मग त्यालाही नको. मला हे कळत नाही. तुमची कमी आहे तर तुमची वाढवा म्हणा ना, भिया, त्याची कापून तुमच्या ताटात काय पडणार आहे?

पेन्शन म्हणजे दान आहे असं आपल्या डोक्यात कुठेतरी बसलंय. बायकांना मी भिशीवरून सांगते, की तुम्ही दर महिन्याला हप्ता भरत आलात, आणि तुमचा नंबर लागायच्या वेळी चालवणारी म्हणाली की नियम बदलले, आता निम्मेच मिळतील, तर तुम्ही तिच्या दारात जाऊन बसाल की नाही? बसालच. आणि बहुतेक तिच्याकडे हळदीकुंकू असेल त्याच दिवशी जाऊन बसाल.

कारण तेही एक नेहमीचं आहे, की मुद्दाम सणालाच का करतात. 2014 मध्ये आयर्लंडमध्ये विमानतळ कंपनी आणि तिथली एअरलाइन एअर लिंगस यांच्या सामाईक पेन्शन फंडात सुमारे 78 कोटी युरोंचा खड्डा पडलेला होता, आणि तो भरायला कामगारांची ठरलेली पेन्शन कापायची चालली होती. सिप्टू युनियननं 14 मार्चला सकाळी पाच ते नऊ काम बंद ठेवायचं ठरवलं, फक्त चार तास, पण तो सेंट पॅट्रिक्स डेच्या सुट्टीआधीचा शुक्रवार. कंपन्या हायकोर्टात गेल्या, कोर्टानं संप अडवला, प्रवासी खूश. खड्डा तिथेच. आता सांगा, त्यांनी हाच संप फेब्रुवारीतल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी ठेवला असता तर कंपनीनं कोर्टाचा खर्च तरी केला असता का? आणि अचानक म्हणतात तेही खरं नाही, ब्रिटनमध्ये 2008 च्या त्या वेळी पोस्टानं मतदान करून सात दिवसांची नोटीस द्यावी लागायची, आपल्याकडे तर हवाई वाहतुकीला चौदा दिवस. मालकाला बोलणी करायला तेवढा वेळ मिळावा म्हणूनच ती नोटीस असते. तो वेळ मालक काय करत होता हे प्रवाशाला कोणी विचारायला सांगत नाही.

सगळेच संपवाले साधुसंत असतात असं मी म्हणत नाही हां. 2006 च्या फेब्रुवारीत दिल्ली-मुंबई विमानतळ खासगी कंपन्यांकडे द्यायच्या विरोधात एअरपोर्ट ऑथॉरिटीचा संप झाला होता, पेन्शनचा नव्हे, नोकरीच्या भीतीचा. विमानं बरीचशी उडाली, पण कचरा साठला, संडास तुंबले, आणि ज्यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नाही अशा म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले. चार दिवसांत संप संपला आणि विमानतळ जायचे ते गेलेच. व्हीलचेअरवाल्या प्रवाशाला मदत करणारा माणूस संपावर असेल तर माझाही जीव खालीवर होतो, तेवढी माणसं तरी मागे ठेवा असं मला नेहमी वाटतं.

पण इंदूरच्या माणसानं तरी मला शिकवू नये की गुमान वाट बघा, न्याय मिळतो. इथली हुकुमचंद कापड मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. तिथल्या कामगारांचे हक्काचे पैसे अडकले, त्यांनी कोणाचं विमान अडवलं नाही, रस्ता फारसा अडवला नाही, कोर्टात लढत राहिले आणि दर रविवारी गेटवर मीटिंग घेत राहिले. पैसे मिळाले 25 डिसेंबर 2023 ला, सुमारे 224 कोटी, आणि तोपर्यंत कितीतरी जण वर गेलेले, विधवा बायका सह्या करायला आल्या होत्या. त्या दिवशी माझ्या ऑफिसात सगळे हळहळले, बिचारे, बत्तीस वर्षं! तेच सगळे, जे संपाच्या बातमीवर शिव्या घालतात. मिलवाल्यांनी तुमची गैरसोय केली नाही म्हणून तुम्ही त्यांच्यावर चिडला नाहीत, आणि गैरसोय केली नाही म्हणूनच तुम्हाला बत्तीस वर्षं त्यांची आठवणही झाली नाही.

आणि धंद्याचं म्हणाल तर हो, बुडतो. फ्लाइट रद्द झाली की आमचं कमिशन परत जातं, रात्री उशिरापर्यंत तिकिटं रिइश्यू करत बसायचं, एखादी चूक झाली तर एअरलाइन महिन्यांनी एडीएम, म्हणजे वसुलीचं पत्र, पाठवते आणि ते पैसे आम्ही भरायचे. चिडते ना मी, खूप चिडते, पण ज्यानं ते एडीएम पाठवलं त्याच्यावर. बंबावरच्या माणसानं मला आजवर एकही पाठवलेलं नाही.